आधी मामांचं कार्ड, मग आत्यांची पॉलिसी

प्रश्न : मी विट्यात राहते, घरी शिवणकाम करते. मिस्टर सेलमला गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात आहेत, वर्षातून दोनदा घरी येतात. त्यामुळे सासू-सासऱ्यांच्या दवाखान्याचं सगळं माझ्याकडेच. मामा (सासरे) ७२ वर्षांचे. शुगर आहे आणि २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवलाय. आत्या (सासूबाई) ६६ च्या. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. आमचं रेशनकार्ड केशरी आहे.

गल्लीत एकांची बायपास झाली, तेव्हापासून मिस्टर फोनवर रोज विचारतात, "आई-दादांचा विमा काढलास का?" काढायला मी तयार आहे, पण कोणाचं ऐकू? मिस्टरांचं खातं असलेल्या बँकेतला माणूस म्हणतो, खात्यासोबतची ग्रुप पॉलिसी घ्या, वर्षाला १९ हजार, फक्त सही करा. नात्यातले एक भाऊजी एजंट आहेत. ते दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर सांगतात, ६४ हजार. वर म्हणतात, "अँजिओप्लास्टीचं फॉर्मात लिहू नका, पाच वर्षं निघाली की कंपनी काही करू शकत नाही." पुण्याच्या पुतण्याने वेबसाइटवर माझा नंबर टाकला, तेव्हापासून दिवसभर फोन वाजतोय. आमची ताकद वर्षाला फार तर ५० हजारांची. काय करू?
– एक सून, विटा

उत्तर :

ताई, तिघांनी तुम्हाला तीन वाटा दाखवल्या. मामांच्या रात्री छातीत दुखायला लागलं तर गाडी कुठे न्यायची, हे मात्र एकानेही विचारलं नाही. सुरुवात तिथून करायला हवी. तुम्ही कराडला जाणार की सांगली-मिरजेला? २०१९ ची अँजिओप्लास्टी जिथे झाली तिथेच जाणार की दुसरीकडे? दोन दवाखान्यांची नावं एका कागदावर लिहा. सरकारी कार्ड असो वा खासगी पॉलिसी, या दोन ठिकाणी चालणार नसेल तर तुमच्या घराला तिचा उपयोग नाही. मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातले लोकसुद्धा उपचाराला तिकडे येतात. त्यामुळे आपल्या भागात दवाखान्यांना तोटा नाही. पण कुठल्या दवाखान्यात कुठलं कार्ड चालतं, हे बोर्ड वाचून कळत नाही, खिडकीवर जाऊन विचारावं लागतं.

आता मामांचं. त्यांच्यासाठी पहिला रुपया खर्च करण्याआधी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी बघत नाही, घरात खासगी पॉलिसी असली तरी अडचण नाही. मामांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुन्या आजारांना थांबायचा काळ नाही. शुगर असो की स्टेंट, कार्ड निघालं की संरक्षण सुरू. त्यांच्यासारख्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळ्या जुन्या आजारांसकट घेणारी खासगी पॉलिसी ५० हजारांत मिळेल, असं मला वाटत नाही.

कार्डाला लागतं फक्त आधार. आयुष्मान ॲपवरून घरी निघतं, नाहीतर आशाताईंना किंवा जवळच्या सेवा केंद्रात विचारा. जायच्या आधी आधारवरची जन्मतारीख आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बघून घ्या. आपल्याकडे मामांच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. तारीख १ जून आहे म्हणून काही बिघडत नाही, पण साल चुकलेलं असेल आणि आधारवर वय ७० च्या खाली दिसत असेल, तर कार्ड निघणार नाही. मोबाइल नंबर मिस्टरांचा असला तर ओटीपी सेलमला जाईल, तेव्हा त्यांना फोन हातात घेऊन बसायला सांगा.

आत्या ६६ च्या, म्हणजे वय वंदना त्यांना अजून चार वर्षं नाही. त्यांना आधार महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा. २०२४ पासून ती पिवळं, केशरी, पांढरं अशा सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. तुमच्या कार्डावर आत्यांचं नाव आहे ना, आणि ते आधारवरच्या नावासारखंच आहे ना, एवढं आजच बघा. एकीकडे 'शालन' आणि दुसरीकडे 'शालिनी' असलं की ऐनवेळी माणूस आयसीयूत आणि पोरगा तहसीलच्या पुरवठा शाखेत, अशी पळापळ होते.

या दोन्ही योजनांना मर्यादा आहेत. पॅनेलवरच्याच दवाखान्यात चालतात, आणि तिथेही ज्या विभागासाठी दवाखाना नोंदलेला असेल त्याच विभागात. हाडांसाठी पॅनेलवर असलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. ॲडमिट न होता घेतलेल्या गोळ्या-औषधांचे, महिन्याच्या शुगर तपासणीचे पैसे मिळत नाहीत. स्पेशल रूम मिळत नाही. काही ठिकाणी "योजनेचा बेड शिल्लक नाही" म्हणून वाटेला लावतात किंवा वरून पैसे मागतात. मंजूर झालेल्या उपचारासाठी पैसे मागायला परवानगी नाही. असं झालं तर तिथल्या तिथे आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला) गाठा, त्याच्याकडूनही काम झालं नाही तर महात्मा फुले योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ या नंबरांवर तक्रार नोंदवा. दोन्ही नंबर मामांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.

म्हणून त्या कागदावरच्या दोन दवाखान्यांत एकदा स्वतः जाऊन या. सकाळच्या गर्दीत नको, दुपारी तीननंतर जा. आरोग्यमित्राच्या खिडकीवर विचारा, "हृदयाच्या आजारासाठी तुम्ही योजनेत आहात का? गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी?" मग शेजारच्या कॅशलेसच्या खिडकीवर म्हणजे टीपीए डेस्कवर जा. तिथली मुलगी दिवसभर विमा कंपन्यांशी भांडत असते. तिला विचारा, "कुठल्या कंपनीची मंजुरी लवकर येते, कुठली सगळ्यात जास्त कागद मागते?" कमिशन न घेता तुम्हाला मदत करणारं या सगळ्यात तेवढं एकच माणूस आहे, आणि तिला कोणी विचारत नाही.

आता भाऊजींचा सल्ला. नातं सांभाळा, सल्ला सोडून द्या. अँजिओप्लास्टी लपवायची नाही. ते म्हणतात त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी ८ वर्षं होती, २०२४ मध्ये ५ झाली. पण त्याच नियमात पुढे फसवणुकीचा अपवाद आहे, आणि स्टेंट बसवलेला माणूस 'मला हृदयाचा त्रास नाही' अशी सही करतो, त्याला दुसरं काय म्हणायचं? शिवाय ती पाच वर्षं मामांनी दवाखान्याची पायरी न चढता काढायला हवीत.

आणि लपत नाहीच. पेशंट आत आला की ड्यूटीवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "काका, शुगर-बीपी किती वर्षांपासून? आधी काही ऑपरेशन?" मामा प्रामाणिकपणे सांगणार, कारण जिवाशी गाठ आहे. डॉक्टर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहितो : 'के.सी.ओ. डीएम, पीटीसीए २०१९'. म्हणजे शुगरचा जुना पेशंट, २०१९ ला अँजिओप्लास्टी झालेली. कॅशलेससाठी हाच केसपेपर कंपनीकडे जातो. तिथला डॉक्टर आधी त्या दोन ओळी वाचतो, मग पॉलिसी काढताना भरलेला प्रपोजल फॉर्म उघडतो. भाऊजींचं कमिशन तोवर केव्हाच मिळालेलं असतं.

याच जागी खरं सांगणारी माणसंही अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. घाबरलेला नातेवाईक अंदाजाने बोलतो, "शुगर? झाली असतील पंधरा-एक वर्षं." कागदोपत्री सात वर्षं असतात. पण केसपेपरवर पंधरा लिहिलं गेलं की कंपनीला वाटतं, पॉलिसी काढताना आठ वर्षं लपवली. मग खुलासा मागतात, जुने रिपोर्ट मागतात, डिस्चार्ज अडकतो. मामांची शुगर पहिल्यांदा कधी निघाली, स्टेंट कोणत्या महिन्यात बसला, आत्यांची बीपीची गोळी कधी सुरू झाली, हे सगळं एका पानावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. दवाखान्यात कोणीही सोबत गेलं तरी ते पान बघूनच सांगायचं.

बँकेच्या १९ हजारांच्या पॉलिसीचं काय? ग्रुप पॉलिसी वाईटच असते असं नाही. पण तिथे करार बँक आणि कंपनी यांच्यात असतो, तुम्हाला फक्त सर्टिफिकेट मिळतं. उद्या त्यांचा करार मोडला किंवा अटी बदलल्या तर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. दुसरं म्हणजे "फक्त सही करा" यातली सही कशावर आहे ते बघा. बहुतेक वेळा त्या कागदावर बारीक अक्षरात 'अर्जदाराला कोणताही गंभीर आजार नाही' असं छापलेलं असतं. म्हणजे भाऊजी तोंडाने जे सांगतात तेच बँकेने छापून ठेवलंय. ७२ वर्षांच्या, स्टेंट बसवलेल्या माणसाला ही पॉलिसी चालते का, आणि जुना आजार कधीपासून धरणार, हे त्या साहेबांना ईमेलवर लिहून द्यायला सांगा. माझा अंदाज आहे, ईमेल येणार नाही.

मग ५० हजारांचं काय करायचं? माझं मत असं : मामांसाठी खासगी पॉलिसीच्या मागे सध्या धावू नका, आत्यांसाठी मात्र घ्या, आणि फ्लोटर नको. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या वयावर ठरतो. त्या ६४ हजारांत ७२ व्या वर्षाचा भाव आत्यांनाही लागलाय आणि वर ५ लाख दोघांत मिळून. आत्यांची एकटीची, स्वतंत्र पॉलिसी मागा. वयाची आता अडचण नाही, कारण पूर्वी कंपन्यांना ६५ वर्षांपर्यंतच्यांनाच नवी पॉलिसी देणं बंधनकारक होतं, ती मर्यादा २०२४ मध्ये उठली. तब्येत बघून नाकारायचा अधिकार मात्र कंपनीला अजूनही आहे. बीपी आणि गुडघे, दोन्ही लिहा. बीपीसाठी कदाचित थोडा जास्त हप्ता लावतील, लावू देत. जुन्या आजारांना थांबायचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतो, पूर्वी ४ होता. गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसींत निदान दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात गुडघे करायचा विचार असेल तर ही पॉलिसी त्या कामाची नाही. त्यासाठी योजनेच्या खिडकीवरच चौकशी करा.

पॉलिसी निवडताना हप्त्याआधी दोन गोष्टी बघा, कारण म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसीत पैसे तिथेच गळतात. एक को-पे. काही ज्येष्ठांच्या पॉलिसीत प्रत्येक बिलाचे वीस-तीस टक्के तुम्हीच भरायचे असतात. हप्ता कमी दिसतो तो त्यामुळेच. दुसरी खोलीच्या भाड्याची मर्यादा, आणि ही जास्त फसवी. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीला रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये मंजूर. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटेल, रोजचे वरचे ३,००० आपण भरू. तसं नसतं. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्च कंपनी आठास पाच या प्रमाणात देते. ते १,६०,००० झाले असतील तर १,००,००० मिळतात, ६०,००० तुमच्या अंगावर. औषधं आणि इम्प्लांटना ही कपात लागत नाही, हे डिस्चार्जच्या वेळी ठामपणे सांगा. त्यापेक्षा भाड्याची मर्यादाच नसलेली पॉलिसी घ्या, हप्त्यात चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ दिसली तर कागद परत करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही, पूर्वी १८ टक्के होता. हप्ता दरवर्षी किती वाढेल ही धास्ती असते, ती काही अंशी रास्तच आहे. जानेवारी २०२५ पासून ६० वर्षांवरच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. पण दहा-दहा टक्केसुद्धा चार-पाच वर्षांत बराच आकडा होतो. म्हणून पूर्ण ५० हजार हप्त्यात घालू नका. उरतील तेवढे दरवर्षी मामांच्या नावाने बँकेत वेगळे ठेवा. कार्ड असलं तरी गाडीभाडं, डिस्चार्जनंतरची औषधं आणि सोबतच्या माणसाचं जेवणखाण याला रोख लागतेच.

आणखी एक, जे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसणार : विमा आत्यांचाच, पण पॉलिसी काढणारे म्हणून नाव मिस्टरांचं द्या आणि हप्ता त्यांच्याच खात्यातून जाऊ द्या, रोख नको. आयकरात, ८०डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत, ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण ती स्वतःच्या आई-वडिलांसाठी. सुनेने सासू-सासऱ्यांचा हप्ता भरला तर मिळत नाही. कायद्याला सुनेने केलेलं दिसत नाही, काय करणार! मिस्टर जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असतील तरच हा फायदा आहे, नव्या प्रणालीत नाही.

एजंट नको असं मी म्हणत नाही. विट्यात बसून सेलमच्या भरवशावर क्लेम लढवता येत नाही, हाकेला ओ देणारा माणूस लागतो. फक्त एजंट कंपनीचा माणूस असतो आणि ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा, एवढं ध्यानात ठेवा. कोणीही आला तरी आधी परवाना क्रमांक विचारा. मग, "गेल्या वर्षी विट्यात कोणाचा क्लेम तुम्ही पास करून दिला? त्यांच्याशी बोलता येईल का?" खरं काम केलेला माणूस तिथल्या तिथे फोन लावून देतो. आणि फॉर्म त्याला त्याच्या मनाने भरू देऊ नका, तुम्ही सांगा, त्याने लिहावं, आत्यांनी वाचावं, मिस्टरांनी सही करावी, आणि भरलेल्या फॉर्मची कॉपी तुमच्याकडे राहावी. भाऊजी या अटींवर तयार असतील तर त्यांच्याकडूनच घ्या, घरचा माणूस हाताशी असलेला बरा.

पॉलिसी हातात आल्यावर सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, ते मराठीत मागा, द्यावं लागतं. दुपारी आत्यांसोबत बसून वाचा. ३० दिवसांच्या आत पटलं नाही तर पॉलिसी परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. पुढे कधी क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. सांगली जिल्हा त्यांच्याकडेच येतो, फी नाही, वकील लागत नाही.

पुतण्याने जिथे नंबर टाकला, तिथल्या एखाद्या फोनवर एकदाच स्पष्ट सांगा, "६६ वर्षांच्या एका बाईंसाठी, बीपी सांगून, को-पे नसलेलं आणि भाड्याची मर्यादा नसलेलं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवा, बोलायचं नाही." दोन-तीन येतील, ते भाऊजींच्या कोटेशनशेजारी ठेवून बघा. बाकीचे नंबर ब्लॉक करा. मिस्टरांना आज रात्री फोनवर एवढंच सांगा की दादांचं कार्ड या आठवड्यात निघतंय, ओटीपी येईल तेव्हा फोन जवळ ठेवा.